करडईचं तेल

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, संध्याकाळी,
आमच्या चर्चमध्ये दुखणाइतांची प्रार्थना असते.
बाटली मी धरते.

एकदा कुणी परदेशातून ऑलिव्हचं पाठवलं होतं.
संपलं ते. तेव्हापासून
मंगळवेढ्याकडच्या करडईचं, घाण्यावरचं,
फडक्यातून गाळलेलं.
बाटली खोकल्याच्या औषधाची, झाकण जरा सैल,
माझ्या एकाही पदराला डाग नाही असं नाही.

पाळक शांतवन बोर्डे अंगठा बुडवतात,
कपाळावर टेकवतात,
नाव घेतात, घाई न करता.
मी मागून हळूच विचारते,
गोळ्या चालू आहेत ना? बंद करायच्या नाहीत.
सिव्हिलला एकतीस वर्षं रात्रपाळी केलेल्या बाईच्या तोंडात
आमेनच्या आधी हेच येतं.

येतं कोण?
टॉवेलच्या कारखान्यातला एलीशा,
मागाच्या खडखडाटानं कान नेलेला.
तो प्रार्थना ओठांवरून वाचतो,
म्हणून पाळक त्याच्यापुरते शब्द मोठे उघडतात.
दमयंती सोनकांबळे, मंगळवार-शनिवार डायलिसिस.
एक पोरगा, त्याला काय होतंय
ते त्याची आई सांगू देत नाही.
आणि नरसव्वा, विड्या वळणारी,
मंडळीच्या वहीत नाव नसलेली,
चपला दाराबाहेर काढून शेवटच्या बाकावर.
पहिल्या दिवशी पाळकांचा अंगठा क्षणभर थांबला होता,
मग त्यानं तिच्या कुंकवाच्या वर
जागा शोधली.

शमुवेलला सहा शुक्रवार तेल लावलं.
सातव्या शुक्रवारी त्याच बाकांमधून
त्याची पेटी गेली.
लोक म्हणाले, त्याला पूर्ण आरोग्य मिळालं आता, प्रभूपाशी.
म्हणू देत.
मी मान हलवली, बाटली कपाटात ठेवली,
किल्ली परत केली.

एप्रिल होता. पत्रा तडतडत होता.
नरसव्वा सूप घेऊन आली,
भिजवलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ,
आणि माझ्या उंबऱ्यात बसली.
तिचं मराठी अर्धं,
माझं तेलुगू त्याहून कमी.
बोलायचा प्रश्नच नव्हता.
पान कापायची, चिमूट भरायची, वळायची, दोरा आवळायची.
मी भिंतीकडे तोंड केलं,
तरी कात्री ऐकू येत राहिली.
चारशे तरी वळल्या असतील.
मध्येच कधीतरी माझं रडणं
त्या कात्रीच्या चालीवर आलं,
आणि थांबलं कधी, मला कळलं नाही.

उन्हं उतरल्यावर तिनं सूप झटकलं,
कडक भाकरीचं पुडकं चुलीपाशी ठेवलं,
आणि जाता जाता अंगठा
माझ्या कपाळावर टेकवला.
कोरडाच. तंबाखूच्या वासाचा.
नाव घेतलं, तेही चुकीचं.
रूथबाईची तिनं
रुत्तम्मा केली.

दोन दिवस मी तोंड धुताना
कपाळ वगळलं.

बरी झाले, असं म्हणणार नाही.
ताप उतरला आणि आजार गेला,
केसपेपरवर या दोन वेगळ्या नोंदी असतात.
पण जूनमध्ये किल्ली मागून आणली.
तेल खवट झालं होतं. ओतून टाकलं,
बाटली उकळून घेतली, नवं भरलं.
झाकण तेवढं तेच राहिलं.

नरसव्वाचा खोकला तसाच आहे.
एक्स-रेला मीच नेलं, तीन तास रांगेत.
पाळक तिच्या कुंकवाच्या वर अंगठा टेकवतात,
मी विचारते, गोळ्या?
हो गं रुत्तम्मा, म्हणते,
आणि सैल झाकणातून माझ्या मनगटावर ओघळलेलं तेल
पुसून घेते आपल्या बोटांना,
तंबाखूनं तडकलेल्या.

वाया कशाला, म्हणते.